दहा दिवसांचं रंगकाम आणि दोन ओल्या भिंती: डोंबिवलीतल्या एका फ्लॅटचं प्रकरण

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांवर, नव्वदच्या दशकात बांधलेली चार मजल्यांची सोसायटी. लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, कार्पेट साधारण सहाशे चौरस फूट. राहणारी माणसं पाच: नवरा-बायको, लग्नाची मुलगी, बारावीतला मुलगा आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी. आजींना दम्याचा त्रास. माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तारखा आणि कामाचा क्रम मात्र बदललेला नाही, कारण या प्रकरणाचं सगळं मर्म तिथेच आहे.

घराला आधीचा रंग बारा वर्षांपूर्वी लागला होता, तोही डिस्टेंपर. मुलीचं लग्न ठरलं आणि साखरपुडा १३ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी ठरला. समारंभ हॉलमध्ये असला तरी व्याही मंडळी आधी घरी येणार होती. त्यामुळे रंग काढायचा हे नक्की झालं. प्रश्न उरला तो कधी काढायचा याचा.

कॅलेंडर पुढ्यात ठेवल्यावर कळलं की मोकळी जागा फार थोडी आहे. गणपती ७ सप्टेंबरला बसणार आणि अनंत चतुर्दशी १७ ला. घरी घट बसतात, तेव्हा ३ ऑक्टोबरपासून नऊ दिवस अखंड दिवा आणि सोवळं. त्या दिवसांत घरात धूळ उडवायचं नावही काढता येत नाही. मग राहिला १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर हा पंधरवडा. तो नेमका पितृपक्ष. आजींना हे पटेना. "पितरांच्या दिवसांत घर उकरायचं का?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला सरळ उत्तर कोणाकडेच नव्हतं. शेवटी तडजोड झाली. काम पितृपक्षात करायचं, पण सर्वपित्री अमावास्येला, २ ऑक्टोबरला, स्वयंपाकघर आजींच्या हातात स्वच्छ द्यायचं. तोवर आजींनी बदलापूरला लेकीकडे राहायचं. धुळीपासून त्यांची सुटका आणि शब्द पाळायची जबाबदारी घरच्यांवर, अशी ही मांडवली.

तीन ठेकेदारांकडून अंदाज घेतले. पहिला म्हणाला आठ दिवस, दुसरा दहा, तिसरा "वीस-बावीस, आणि तेही पाऊस गेल्यावर". तिसऱ्याला घरच्यांनी सरळ बाद केलं. ढिला माणूस दिसतो, असं त्यांचं मत झालं. आठवाला फार स्वस्त वाटला म्हणून संशय आला. दहावाल्याला काम मिळालं. साहित्यासकट ८२ हजार, तीस टक्के आगाऊ.

दहा दिवसांचा हिशेब कसा निघाला

ठेकेदाराने थाप मारली, असं अशा प्रकरणात पटकन म्हटलं जातं. इथे तसं नव्हतं. त्याचा हिशेब मी नंतर पाहिला आणि तो बरोबर होता.

सहाशे चौरस फुटांच्या घरात भिंती आणि छत धरून रंगवायचं क्षेत्र साडेतीन पट धरतात. म्हणजे एकवीसशे चौरस फूट, एकवीस ब्रास. जुना डिस्टेंपर खरवडून भेगा भरायला चार मनुष्यदिवस, म्हणजे एका माणसाचं चार दिवसांचं काम. डिस्टेंपर पूर्ण काढावाच लागतो; त्याच्यावर ॲक्रिलिक मारलं की काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. पुट्टीचे दोन हात: एक कारागीर दिवसाला साडेतीनशे फूट भरतो असं धरलं तर बारा दिवस. पॉलिश पेपरने घासाई पाच. प्रायमर चार. रंगाचे दोन हात सात. दारं, खिडक्या, ग्रील यांचं ऑइल पेंट पाच-सहा. झाकणं, हलवणं, पुसणं तीन. बेरीज चाळीसच्या आसपास. चार माणसं लावली की दहा दिवस.

हे गणित रिकाम्या आणि कोरड्या घराचं होतं, आणि ते घर रिकामंही नव्हतं, कोरडंही नव्हतं. माणसं वाढवून कमी होतो तो हातांचा वेळ. पुट्टी वाळायचा, प्रायमर बसायचा, भिंतीतलं पाणी बाहेर पडायचा वेळ माणसांच्या संख्येवर ठरत नाही. पाण्यावर आधारित प्रायमर आणि इमल्शनला दोन हातांमध्ये साधारण चार ते सहा तास द्यायचे, ऑइल पेंटला रात्रभर, पुट्टीला तिच्या जाडीप्रमाणे. हे आकडे कोरड्या हवेचे. कोकणपट्टीत सप्टेंबरात हवेतली आर्द्रता कित्येकदा ऐंशी टक्क्यांवर असते. ८५ टक्क्यांच्या वर गेली तर रंग मारू नये, असं रंगाच्या कंपन्याच सांगतात.

अडचण

१८ सप्टेंबर, बुधवारी काम सुरू झालं. पहिला दिवस सामान हलवण्यातच गेला. भरलेलं घर रंगवताना प्रत्येक कपाट दोनदा हलतं, एकदा खोली रिकामी करायला आणि एकदा पुढची खोली रिकामी करायला. दिवाण, शिलाई मशीन, मुलाच्या बारावीच्या पुस्तकांचे गठ्ठे, लग्नाचा आहेर म्हणून आधीच घेऊन ठेवलेली भांडी, सगळं हॉलच्या मध्यावर आलं आणि वर प्लास्टिक पडलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बेडरूममध्ये खरवडायला सुरुवात झाली. पश्चिमेच्या भिंतीला खरवडायचा पत्रा लागला तसा रंगाबरोबर गिलावाही पिठासारखा खाली येऊ लागला. आतून पांढरा क्षार फुललेला. खिडकीच्या बाजूने वरून खाली ओल होती. तिकडून पॅसेजमध्ये आले तर न्हाणीघराच्या मागची भिंत जमिनीपासून तीन फुटांपर्यंत हाताला गार लागत होती. आधी तिथे बुटांचं कपाट होतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं तर लक्षात आलं होतं. कपाटाच्या मागे पोपडे दिसतात हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण ठेकेदाराला दाखवावं असं कोणाला सुचलं नाही.

ठेकेदाराने तोडगा काढला: "साहेब, डॅम्पप्रूफचे दोन हात मारतो, वर पुट्टी, वर रंग. काही होत नाही." घरमालकांना ते हवंच होतं. पण त्यांच्या बायकोला माहेरी असाच केलेला उपाय आणि पुढच्या पावसाळ्यात सुटलेले फुगे आठवत होते. एक अख्खा दिवस वादात गेला. सोसायटीच्या दुरुस्तीच्या कामामुळे मला त्या इमारतीची माहिती होती, म्हणून शनिवारी, २१ तारखेला, बघायला बोलावलं.

ओल कुठून येते ते शोधणं

आधी ओलीचं कारण कळायला हवं होतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. स्वच्छ प्लास्टिकचे हातभर तुकडे दोन्ही भिंतींवर, कडा टेपने पक्क्या बंद करून, चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसेच ठेवले. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाण्याचे थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धुरकट ओल दिसली तर ती खोलीतल्या हवेची. तुलनेसाठी एक तुकडा हॉलच्या कोरड्या भिंतीवरही लावला. हा तिसरा तुकडा लोक विसरतात, आणि मग पावसाळ्यात घरातली प्रत्येक भिंत ओली ठरते.

न्हाणीघरासाठी वेगळी परीक्षा. शनिवारी रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंत ते वापरलं नाही. सगळ्यांनी दुसऱ्या बाथरूममध्ये अंघोळी उरकल्या. नळाची मुख्य चावी चालू ठेवली. वापर बंद असतानाही ओल वाढली तर दाबाखालची पाण्याची लाइन गळतेय असं समजायचं. ओल थांबली आणि अंघोळीनंतर परत आली, तर दोष नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतल्या पाणी निचरायच्या भांड्याचा, किंवा फरशीच्या सांध्यांचा.

रविवारी संध्याकाळी चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं. हॉलचा तुकडा कोरडा. दोन्ही ओल्या भिंतींवरच्या तुकड्यांच्या आत थेंब. वापर बंद होता तोवर पॅसेजची ओल वाढली नव्हती. संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतल्यावर तासाभरात खालची कड पुन्हा गडद झाली. म्हणजे ट्रॅप. बेडरूमची ओल बाहेरच्या भेगेतून येत होती. शेजारच्या गच्चीवरून पाहिल्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग सरळ दिसत होती.

यातली पहिली दुरुस्ती सभासदाने करायची, दुसरी सोसायटीने. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ही वाटणी स्पष्ट आहे: पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर संस्थेचा खर्च, घरातल्या न्हाणी-संडास-सिंकची गळती सभासदाची. वाटणी स्पष्ट असली तरी भर पावसात भेग भरायला बाहेरून लटकता झुला कोण लावणार?

समोरचे पर्याय

रविवारी रात्री हॉलमध्ये, सामानाच्या ढिगाऱ्याशेजारी, नवरा-बायको, मुलगी, ठेकेदार आणि मी बसलो. चार पर्याय पुढे आले.

पहिला ठेकेदाराचा: आतून डॅम्पप्रूफ मारून सगळं २ तारखेपर्यंत उरकणं. साखरपुड्याला घर चकचकीत दिसलं असतं. पण पाणी बाहेरून येतं तेव्हा आतला थर त्याला अडवत नाही, फक्त त्याची वाट बदलतो. ते थराच्या मागे साठतं, क्षार पुढे ढकलतं, आणि फुगवटा येतो किंवा ओल बाजूच्या भिंतीकडे सरकते. शिवाय ओल्या, क्षार फुललेल्या गिलाव्याला तो थर नीट धरतच नाही.

दुसरा शेजाऱ्यांनी सुचवलेला: ओल्या भिंतींवर पीव्हीसी पॅनेल. एका दिवसात काम आणि दिसायला झकास. मागे बुरशी वाढणार हे नक्की, आणि घरात दम्याचं माणूस. यावर चर्चा दोन मिनिटांच्या पुढे गेली नाही.

तिसरा म्हणजे सगळं थांबवून डिसेंबरात करणं. तांत्रिकदृष्ट्या हाच उत्तम. पण दोन खोल्या खरवडून झाल्या होत्या, ठेकेदाराने पैसे घेतले होते, आणि अर्धवट उकरलेल्या घरात घट बसवायचे, व्याही बोलवायचे ही कल्पना कोणालाच सहन होईना.

चौथा: काम तोडायचं. कोरड्या भिंती आणि छतं आता पूर्ण करायची. दोन ओल्या भिंतींचा सडका गिलावा ठोकून काढायचा आणि त्या उघड्याच ठेवायच्या. दारांचं ऑइल पेंट साखरपुड्यानंतर. भिंती दुरुस्त होऊन वाळल्या की जानेवारीत रंग.

बाईंना तोही जड गेला. "व्याही येणार आणि पॅसेजमध्ये उघडा गिलावा?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रंगकामाच्या बहुतेक चुका अशाच एखाद्या तारखेपायी होतात. भिंत कधी तयार होईल यापेक्षा पाहुणे कधी येणार हे जास्त महत्त्वाचं ठरतं. अखेर मुलीने निकाल लावला. ती म्हणाली, पॅसेजला पडदा लावू, आणि कोणी विचारलं तर खरं सांगू. ठेकेदार नाखूष होता, कारण त्याच्या दृष्टीने हे तीनदा येणं झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीसाठी मिळून सात हजार वाढीव ठरले आणि ते कागदावर लिहिलं. त्याच कागदावर पैशांचे टप्पे लिहिले: पुट्टी पूर्ण झाल्यावर तीस टक्के, पहिली फेरी संपल्यावर वीस, दारांनंतर दहा, शेवटच्या भिंती झाल्यावर दहा.

प्रत्यक्षात काय झालं

सोमवारी चारऐवजी दोनच कारागीर आले. मंगळवारीही. दिवाळीच्या आधीचा हंगाम सुरू झाला की प्रत्येक ठेकेदार तीन ठिकाणी कामं धरतो आणि जिथला मालक ओरडतो तिथे माणसं पाठवतो. घरमालक ओरडणाऱ्यातले नव्हते. पण पुढचा हप्ता पुट्टी झाल्यावरच मिळणार होता, आणि त्याची आठवण करून दिल्यावर बुधवारी चौघे हजर झाले.

दरम्यान रंगछटेचा घोळ चालूच होता. शेड कार्डवर सगळ्यांना आवडलेला फिकट पिवळा हॉलच्या भिंतीवर हातभर लावून पाहिला तर संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये हिरवट दिसू लागला. मुलगी म्हणाली करडा, आई म्हणाली घरात लग्न आहे आणि तू राखाडी रंग सुचवतेस. दोन दिवस यात गेले. नशिबाने पुट्टी ओलीच होती, म्हणून काम अडलं नाही. काम वेगात असतं तर हेच दोन दिवस ठेकेदाराने मालकाच्या नावावर टाकले असते, आणि बरोबरच टाकले असते. अखेर बदामी ठरला. त्यावर कोणी खूष नव्हतं आणि कोणी नाराजही नव्हतं.

२५ सप्टेंबर, बुधवार. सकाळी हॉलला पुट्टीचा दुसरा हात लागला. दुपारनंतर जो पाऊस सुरू झाला तो मुंबई-ठाण्यातल्या लोकांना अजून आठवत असेल. २६ ला कारागीर आलेच नाहीत, आणि आले असते तरी हॉलची भिंत बोट लावलं की ठसा उमटेल इतकी ओली होती.

शुक्रवारी सकाळी ठेकेदार घासाई सुरू करायला निघाला. या निर्णयाजवळ थोडं थांबायला हवं. अर्धवट वाळलेली पुट्टी घासली की पॉलिश पेपर लगेच भरतो, पृष्ठभागावर ओरखडे उठतात, आणि आत अडकलेली ओल प्रायमरखाली बंद होते. एक दिवस वाचतो आणि पुढे भिंतीवर डाग दिसत राहतात. त्याऐवजी क्रम बदलला. शुक्रवारी हॉलला हात लावायचा नाही. पंखे चालू, खिडक्या उघड्या, आणि चौघांनी स्वयंपाकघर आणि लहान बेडरूम घ्यायची. स्वयंपाकघरात टाइल्स उंचपर्यंत असल्याने भिंत कमी होती, पण फोडणीचा तेलकट थर बारा वर्षांचा. तो धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुतला, वाळू दिला आणि मगच प्रायमर मारला. न धुता मारलेला रंग तिथे चिकटत नाही, कितीही महाग असला तरी.

शनिवारी हॉलची घासाई आणि प्रायमर झाला. रविवारी सोसायटीत काम बंद असतं. सेक्रेटरींना जाऊन सांगितलं की ठोकाठोक नाही, फक्त रोलर फिरणार आहे. त्यांनी दारं बंद ठेवायच्या अटीवर परवानगी दिली. हा दिवस मिळाला नसता तर १ तारीख गाठली गेली नसती. नियमात सवलत मागायची ती अशाच ठिकाणी, आणि त्यासाठी आवाजाची कामं आधी उरकलेली असावी लागतात.

सोमवार, मंगळवारी हॉल, छतं आणि मोठ्या बेडरूमच्या कोरड्या तीन भिंतींचे दोन हात पूर्ण झाले. फक्त मुख्य दाराला पाण्यावर आधारित इनॅमल मारलं, कारण त्याला वास कमी असतो. १ ऑक्टोबरला संध्याकाळी उभं राहायचे घोडे आणि शिड्या खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी आजी आल्या, स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीला हात लावून पाहिला आणि कामाला लागल्या. पॅसेजकडे पाहून म्हणाल्या, "हे राहिलंय वाटतं."

दुसरी आणि तिसरी फेरी

साखरपुडा झाला. पडद्यामागे काय आहे हे व्याह्यांपैकी एका काकांनी विचारलंच. उत्तर ऐकून त्यांनी त्यांच्या नालासोपाऱ्याच्या घराची ओलीची कथा अर्धा तास सांगितली, त्यामुळे त्या बाजूची धास्ती संपली.

१४ ते १७ ऑक्टोबर दारं, खिडक्या आणि ग्रील. आजी पुन्हा बदलापूरला. इथे एक खबरदारी मुद्दाम घेतली. दारांवरचा मूळ ऑइल पेंट इमारतीइतकाच जुना होता. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवण्याचे नियम भारतात २०१६ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. म्हणून दारं कोरडी न घासता पाणी लावून घासली, खाली प्लास्टिक अंथरलं, आणि निघालेला गाळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घेतला. कारागिरांना हे जरा अतीच वाटलं, पण मास्क घेतले. ज्या घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे तिथे तर हे टाळूच नये.

न्हाणीघराचा ट्रॅप त्याच महिन्यात बदलला. पॅसेजच्या खालच्या पट्ट्याला नोव्हेंबरच्या सुरुवातीला नवा गिलावा झाला, आठवडाभर पाणी मारलं आणि मग नुसता सोडून दिला. सिमेंटच्या ताज्या गिलाव्याला रंगाआधी किमान महिनाभर द्यावा लागतो. पाणी जातंच, शिवाय त्याचा क्षारपणा उतरावा लागतो, नाहीतर तो रंग खातो. बाहेरच्या भेगेसाठी सोसायटीने समितीच्या सभेत ठराव केला आणि नोव्हेंबरच्या अखेरीस झुल्यावरून भेग कापून, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरून, वर लवचीक रंगाचे दोन हात मारले. बेडरूमची भिंत आतून पुन्हा गिलावा करून डिसेंबरभर उघडी राहिली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा प्लास्टिक लावलं. दोन्ही तुकडे आतून कोरडे निघाले. १६, १७, १८ आणि २० जानेवारी २०२५ ला, फक्त दोन कारागिरांनी, पुट्टी ते शेवटचा हात असं सगळं केलं. बदामीचा तोच क्रमांक मशीनवर पुन्हा बनवून घेतला, तरी नव्या डब्याची छटा किंचित वेगळी पडतेच. त्यामुळे पॅसेजला खालचा पट्टा तेवढाच न रंगवता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवली. कोपऱ्यात प्रकाशच बदलतो, तिथे फरक दिसत नाही. भिंतीच्या मध्यावर सांधा ठेवला असता तर तो रोज दिसला असता.

परिणाम

घरात प्रत्यक्ष काम झालं ते वीस दिवस: पहिल्या फेरीत बारा, दुसरीत चार, तिसरीत चार. ते चार महिन्यांवर पसरले. चाळीसच्या जागी पंचावन्नच्या आसपास मनुष्यदिवस लागले. वाढीव खर्च सात हजार मजुरीचा, शिवाय ट्रॅप आणि गिलाव्याचा वेगळा. बाहेरच्या भेगेचा खर्च सोसायटीने केला.

भिंतींची खरी परीक्षा लवकर आली. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नोंदींमधलं सर्वात लवकरचं आगमन. बेडरूमची भिंत पूर्ण पावसाळा कोरडी राहिली. पॅसेजला स्कर्टिंगच्या वर, एका कोपऱ्यात, रुपयाएवढा फुगवटा आला. तो ट्रॅपमुळे की गिलाव्यात राहून गेलेल्या जुन्या क्षारांमुळे हे ठरवता आलं नाही. खरवडून, वाळवून, हात मारल्यावर परत आलेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

अंदाज मागवायची वेळ बदलता आली असती. भिंत काय लपवते ते जुलै-ऑगस्टमध्ये दिसतं. मुहूर्त ऑक्टोबरचा असो की डिसेंबरचा, ठेकेदाराला घर दाखवायचं ते भर पावसात, कपाटं पुढे ओढून. इथे तिन्ही ठेकेदार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले होते; ओल होतीच. आठवाल्याने आणि दहावाल्याने टेपने खोल्या मोजल्या. वीसवाल्याने खिडकीजवळ भिंत बोटांनी ठोकून पाहिली होती, हे घरच्यांना नंतर आठवलं. त्याने कारण सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. "इतके दिवस का?" एवढा एक प्रश्न विचारला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. मात्र त्याने खरं कारण सांगितलं असतं तरी काम त्यालाच दिलं असतं का, याची मला खात्री नाही. हंगामात जास्त दिवस सांगणाऱ्याच्या हातून काम जातं, म्हणून ठेकेदार कमी दिवस सांगायला शिकतात.

दहा दिवसांच्या अंदाजात वाळण्याचे दिवस वेगळे मागायला हवे होते. कोणत्या खोलीत कोणत्या दिवशी काय होणार, रोज किती माणसं येणार, कोणते दिवस नुसते वाळायचे, आणि पाऊस आला तर क्रम कसा बदलायचा, हे अर्ध्या पानात मावतं. माणसांची संख्या लिहिलेली असती तर सोमवार-मंगळवारचे दोन दिवस गेले नसते. छटा तर काम सुरू होण्याआधी, घरातल्या दिव्याखाली, भिंतीवर लावून ठरवायला हवी होती.

सामानाबद्दल घरात अजून दोन मतं आहेत. त्याच इमारतीत तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता; मालकाने पंधरा दिवसांसाठी सामान ठेवायला सहा हजार मागितले होते. घरमालकांना ते जास्त वाटले. माझ्या अंदाजाने सामान हलवण्यात आणि झाकण्यात मिळून सहा-सात मनुष्यदिवस गेले, आणि त्यांची मजुरी सहा हजारांच्या वरच जाते. लिफ्ट नसताना तीन मजले खाली-वर करण्याचा त्रास धरला तर हिशेब इतका सरळ राहत नाही, हेही खरं. बाईंचं म्हणणं आहे की सहा हजार दिले असते तर निदान बारा दिवस गॅससमोर वाकून भांडी शोधावी लागली नसती.

ठेकेदाराने पैशांचे टप्पे मान्य केले, पण शेवटचे दहा टक्के पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायला तो तयार झाला नाही. "दुसऱ्याच्या पाइपची हमी मी कशी देऊ?" हे त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं. रंग सुटला तर त्याची जबाबदारी, पाणी आलं तर नाही, असं कागदावर लिहून पैसे २० जानेवारीला दिले गेले. तो रुपयाएवढा फुगवटा त्याने ऑगस्टमध्ये येऊन फुकट करून दिला.